आमची वाटचाल : दोघांना एकच आकडा

माझा भाऊ तबला वाजवतो. कलाकारांचं बुकिंग बघणाऱ्या आमच्या फर्मची सुरुवात तिथूनच आहे म्हणून आधी त्याचंच सांगते. २०११ च्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे एका लॉन्सवर त्याच्या ऑर्केस्ट्राचा प्रोग्राम होता. मी तेव्हा एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघायचे, सिडकोतून स्कूटीवर त्याला आणायला गेले तर रात्री साडेबाराला सगळे वादक टेम्पोच्या बाजूला उभे. दहाला माईक बंद झालेला, ऑक्टोपॅड, ढोलकी, कीबोर्डचा स्टँड सगळं भरून झालेलं, पण टेम्पो हलत नव्हता कारण ज्याने प्रोग्राम लावून दिला होता तो फोनच उचलत नव्हता. शेवटी नवरीचे काका बाहेर आले, त्यांना वाटलं पोरांचं जेवण राहिलंय की काय, आणि बोलता बोलता म्हणाले, अहो आम्ही तर चाळीस हजार हळदीच्या दिवशीच दिले. ऑर्केस्ट्राला सांगितलेला आकडा होता अठरा हजार, त्यातले हातात आले होते पाच. माणसं नऊ.

घरी येईपर्यंत भाऊ एक शब्द बोलला नाही, डग्ग्याची बॅग पोटाशी धरून मागे बसला होता. मला त्या रात्री झोप लागली नाही. मधला माणूस आहे, तो धावपळ करतो, त्याने पैसे घ्यावेत, याबद्दल माझं काहीच म्हणणं नव्हतं आणि आजही नाही. पण देणाऱ्याला एक आकडा आणि वाजवणाऱ्याला दुसरा, हे मला हिशेबाची माणूस म्हणून सहन झालं नाही.

आमच्याकडे प्रोग्रामच्या बुकिंगला सुपारी म्हणतात हे सगळ्यांना माहितीये. माझे वडील सिन्नर तालुक्यातले, गावच्या यात्रेला तमाशा ठरवायला पंचांबरोबर ते नारायणगावला जायचे. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, प्रत्येक राहुटीत फडाचा माणूस वही घेऊन बसलेला असतो, गावकरी यात्रेची तारीख सांगतात, भाव होतो, इसार दिला की तारीख पक्की. त्या रात्रीची गोष्ट सांगितल्यावर वडील एवढंच म्हणाले, "अगं तिथं फडाचा माणूस समोर बसलेला असतो, त्याच्यादेखत बोलणं होतं, मग लपवायला राहतंच काय." माझ्या डोक्यात धंदा तिथे सुरू झाला असं म्हटलं तरी चालेल.

पहिली दोन वर्षं नोकरी सांभाळून केलं. एक शंभर पानी वही, एक मोबाईल. भावाचा ऑर्केस्ट्रा, त्याच्या ओळखीची एक गायिका, आणि एक बासरीवाला मुलगा जो सातपूरला कंपनीत शिफ्ट करायचा. मी प्रत्येक प्रोग्रामचा एक कागद करायचे, त्यावर पार्टीने, म्हणजे प्रोग्राम ठेवणाऱ्याने, किती दिले, साउंडवाल्याला किती, गाडीला किती, आमचे १५ टक्के किती आणि कलाकारांना किती, आणि हा एकच कागद पार्टीलाही द्यायचे आणि कलाकारालाही. लोकांना ते विचित्र वाटायचं. एका आयोजक काकांनी मला समोर बसवून समजावलं की ताई, असं उघडं केलं तर उद्या तुम्हाला बाजूला काढून लोक डायरेक्ट कलाकाराला फोन करतील. आणि केलेच. पहिल्या वर्षी अशा सहा-सात पार्ट्या गेल्या. त्यातल्या चार परत आल्या, कारण डायरेक्ट फोन केल्यावर गायिका आली पण साउंडवाल्याला तिला स्वतःचा आवाज ऐकू यायला स्टेजवर किती मॉनिटर स्पीकर लागतात हे कोणी सांगितलंच नव्हतं, पोलीस स्टेशनची परवानगी कोणी काढायची हे ठरलं नव्हतं, आणि तबलजीला जेवायला विचारायचं राहून गेलं होतं. त्या १५ टक्क्यांत काय काय येतं हे आमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांनी स्वतः अनुभवलं ते बरं झालं.

बुकिंग एजंट आणि मॅनेजर यात लोक गोंधळतात, म्हणून थोडं सांगते. बुकिंग म्हणजे एका तारखेचं काम: तारीख, भाव, करार, पैसे, संपलं. मॅनेजर म्हणजे त्या माणसाच्या पुढच्या पाच वर्षांचा विचार, कुठला प्रोग्राम घ्यायचा, कुठला सोडायचा, रियाजाला वेळ राहतोय का, गळा बसलाय तर महिनाभर सगळ्या तारखा सोडायच्या आणि पार्ट्यांच्या शिव्या आपण खायच्या. आज आम्ही साधारण वीस जणांचं बुकिंग बघतो पण मॅनेजमेंट फक्त चौघांचं. चारच्या वर नाही घेत. एकदा नऊ घेतले होते आणि एकालाही धड न्याय देता आला नाही, त्यातली एक गुणी मुलगी आम्हाला सोडून गेली, ती बरोबरच होती. तेव्हा तिच्या करारात मुदतच लिहिलेली नव्हती, मी स्वतः तिला तो कागद परत दिला. तेव्हापासून आमचा करार एक वर्षाचाच असतो, पटलं तर पुढे.

रायडर, म्हणजे कलाकाराला स्टेजवर काय काय लागतं याची आयोजकाला आधी दिलेली यादी, हा शब्द मला शिकवला सुला फेस्टने, नाशिकच्या सुला वाइनरीच्या संगीत महोत्सवाने. २००८ पासून तिथे डोंगराच्या पायथ्याशी बाहेरचे बँड यायला लागले, मी भावाबरोबर नुसती बघायला गेले होते, पण माझं लक्ष गाण्यापेक्षा स्टेजच्या बाजूला. एक बँड उतरतो, दुसरा चढतो, मधे वीस मिनिटं, आणि प्रत्येक चॅनलला कुठलं वाद्य हे कागदावर आधीच लिहिलेलं. आपल्याकडे साउंडवाला पहिलं गाणं सुरू झाल्यावर विचारायचा, तबल्याला माईक एक की दोन? नंतर मी आमच्या प्रत्येक ग्रुपची इनपुट लिस्ट मराठीत केली, अगदी गायकाची पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला सा धरून तो गातो, ती सुद्धा लिहिली, कारण काळी चारची गायिका आणि काळी एकचा गायक एकाच प्रोग्रामला असतील तर तबलजीला दोन्ही पट्ट्यांचे तबले आणावे लागतात आणि ते ठेवायला स्टेजवर जागा लागते, आयोजकाने तिथे फुलांची कमान लावलेली असते.

दिवाळी पहाट हा आमचा सगळ्यात लाडका सीझन आणि सगळ्यात जास्त जीव घेणारा पण. गंगापूर रोडच्या एका सोसायटीच्या मैदानावरचा प्रोग्राम आठवतो, पहाटे चार वाजता आम्ही पोचलो, नाशिकची थंडी, सतरंज्यांवर दव, आणि गंगापूर धरणाकडून येणारा तो ओला वारा. भावाने तबला लावून ठेवला आणि वीस मिनिटांनी हात ठेवला तर स्वर खाली आलेला, गारठ्यात आणि ओलाव्यात पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सैल पडते. पुन्हा हातोडी घेऊन गठ्ठे ठोकणं, पुन्हा खाली. शेवटी ज्यांच्या बंगल्यातून लाईट घेतला होता त्या आजींनी स्वतःचा रूम हीटर आणून दिला आणि तबल्यांच्या मधे ठेवला, तेव्हा कुठे काळी चार जागेवर बसली. आता आमच्या गाडीत ऑक्टोबर ते फेब्रुवारी एक छोटा हीटर आणि दोन जाड ब्लँकेट असतातच, वाद्यांसाठी. आणि हो, सहाच्या आधी आम्ही माईक उघडत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर नाही हा नियम २००० सालापासून आहे, वर्षातले जे थोडे दिवस बारापर्यंत सूट मिळते ती रात्रीची, पहाटेची नाही. साडेपाचला सुरू करा म्हणून आयोजक गळ घालतात, मी नाही म्हणते, सहाला तानपुरा लागला तरी उजाडताना भूपाळी रंगतेच.

पैशाचं बोलायचं तर २०१६ च्या नोव्हेंबरने आम्हाला हलवलं. तुळशीच्या लग्नानंतरच्या सगळ्या तारखा भरलेल्या, आणि आठ तारखेला नोटा बंद. पार्ट्या हात जोडायच्या, ताई पैसे आहेत पण चालत नाहीत. तेवीसपैकी अकरा प्रोग्राम झाले. पण त्यातून एक गोष्ट बरी झाली, आमच्या सगळ्या वादकांची बँक खाती आणि पॅन कार्ड त्या हिवाळ्यात झाली. त्याआधी कंपन्यांच्या प्रोग्रामला टीडीएस १० टक्के कापायचे आणि पॅन नसलं की २०, आणि वादक समजायचे की कंपनीने पैसे खाल्ले. ते पैसे रिटर्न भरलं की परत मिळू शकतात हे कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या ढोलकीवाल्या मामांना पहिल्यांदा चौदा हजाराचा रिफंड खात्यात आला तेव्हा ते पेढे घेऊन ऑफिसला आले होते. मग जुलै २०१७ ला जीएसटी. शास्त्रीय आणि लोककलेच्या कलाकाराला एका कार्यक्रमाचे दीड लाखापर्यंत जीएसटी नाही, हे मी अजून आयोजकांना छापील कागद दाखवून सांगते, नाहीतर ते शास्त्रीय गायकाच्या बिलातही १८ टक्के धरून बसतात. फिल्मी गाण्यांच्या प्रोग्रामला ती सूट नाही. आणि तिकीट लावून फिल्मी गाण्यांचा शो करायचा तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्काचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचं, लायसन्स काढावंच लागतं, कारण गाणं आपण गात असलो तरी चाल आणि शब्द दुसऱ्या कोणाचे आहेत आणि त्यांनाही त्यांचे पैसे मिळायला हवेत. मी ज्या कारणासाठी धंद्यात आले तेच कारण आहे हे.

सगळ्यात मोठा फटका एका कॅन्सलेशनचा. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेचा मोठा वर्धापनदिन, बारा वादक, दोन गायक, आम्ही तीन महिने त्या तारखेला दुसरं काही घेतलं नाही, आणि दोन दिवस आधी फोन की पाहुणे येत नाहीत म्हणून रद्द. करारात रद्दचं कलमच नव्हतं, सगळं विश्वासावर. वादकांनी ती तारीख आमच्या शब्दावर धरली होती, म्हणून मी घरातले पैसे काढून प्रत्येकाला अर्धं मानधन दिलं. सासूबाईंनी स्वतःच्या एफडीतले दिले, हे मी कधी विसरणार नाही. आता ५० टक्के अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय तारीख लॉक नाही, पंधरा दिवसांच्या आत रद्द केलं तर तो परत नाही, आणि उरलेले पैसे मध्यंतराच्या आधी. शेवटी नाही, मध्यंतराच्या आधी. कलाकार दुसऱ्या भागात गाताना पैशाचा विचार करत नसला पाहिजे.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, म्हणजे लॉकडाऊनचा पहिलाच दिवस. पाडवा पहाटचे आमचे चार प्रोग्राम होते. मंडपवाल्याने बांबू टाकून ठेवले होते ते तसेच पडून राहिले. पुढे दीड-पावणेदोन वर्षं काय झालं ते सगळ्या कलाकारांच्या घरात माहितीये, फार लिहीत नाही. भाऊ भाजी विकत होता आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटला नाही. नाट्यगृहं मधे थोडे दिवस उघडली, परत बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला जी उघडली ती उघडली. त्यानंतर कालिदास कलामंदिरला आमचा पहिला प्रोग्राम झाला, एकाआड एक खुर्ची रिकामी सोडून लोक बसलेले, तोंडाला मास्क, आणि पहिल्या समेला टाळ्या पडल्या तेव्हा विंगेत आम्ही सगळे रडत होतो.

आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना मी थोर शास्त्रीय गायक विष्णु दिगंबर पलुस्करांची गोष्ट सांगते. आपल्या नाशिकशी त्यांचं नातं आहे, आयुष्याच्या शेवटच्या काळात त्यांनी इथे रामनाम आधार आश्रम काढला. संस्थानिकांच्या मर्जीवर गाणाऱ्या गवयाला त्यांनी सामान्य लोकांसमोर बसवलं, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं ते लोकांच्या पाठबळावर. पण मुंबईच्या शाळेची इमारत कर्जात गेली आणि तिचा लिलाव झाला. एवढ्या मोठ्या माणसाचं असं झालं. त्यांच्या मागे हिशेब बघणारं एखादं चोख माणूस असतं तर, असं मला नेहमी वाटतं, आणि मग मी त्या मुलांना करार पूर्ण वाचायला लावते, माझ्या फर्मचा सुद्धा.

हल्ली ट्रॅकवरचे, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या संगीतावर गायचे, शो फार झालेत. एक लॅपटॉप, दोन गायक, भाव तिसरा हिस्सा. गाणाऱ्यांच्या हौसेला माझा विरोध नाही, संध्याकाळी चार मित्र जमून गातात ते चांगलंच आहे. पण व्यावसायिक प्रोग्राम म्हणून आम्ही ट्रॅक घेत नाही. त्यामुळे दरवर्षी किती बुकिंग जातात ते मला माहितीये, वही माझ्याकडेच आहे. आमच्या घरी तबला आहे, मी कसं घेणार? लोकांना आम्ही मधला रस्ता देतो, बारा वादक परवडत नसतील तर पाच घ्या, तबला, ढोलकी, हार्मोनियम, एक कीबोर्ड, एक बासरी, गाणी त्या हिशेबाने बसवून देतो. फुकट प्रोग्राम मात्र देत नाही. नाव होईल, पब्लिसिटी मिळेल असं सांगणाऱ्यांनी मंडपवाल्याला कधी पब्लिसिटीवर बोलावलंय का?

आता ऑफिस कॉलेज रोडजवळ आहे, आम्ही चौघं जण, त्यातला एक तो सातपूरचा बासरीवाला, नोकरी सोडून आला आणि आता सगळं स्टेजचं काम तो बघतो, बासरी अजून वाजवतो. कागद तोच आहे, फक्त आता व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, दोघांनाही एकाच वेळी. मागच्या महिन्यात दिंडोरी तालुक्यातली एक मुलगी वडिलांबरोबर आली, द्राक्षाची छाटणी सोडून आले होते बिचारे, त्यांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, हे १५ टक्के तुम्ही वरून घेणार की हिच्यातून? मी म्हटलं काका, पार्टी देते त्या एकाच आकड्यातून, वेगळं काही नाही, वाटलं तर पार्टीला फोन लावून विचारा. त्यांनी खरंच लावला. मला खूप आवडलं ते.

गाणारे-वाजवणारे नवीन कोणी यायचं म्हणत असतील तर स्टुडिओत केलेलं रेकॉर्डिंग नको, मोबाईलवर एका दमात शूट केलेला एक व्हिडिओ आणा, मधे कट न केलेला, चुका असल्या तरी चालतील. सोबत पॅन कार्ड आणि बँकेचं पासबुक. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी या, शुक्रवारपासून आम्ही सगळे गाडीत असतो.