ऐंशी टक्क्यांवरचा संयम

फोनच्या बॅटरीबद्दल सल्ला द्यायला कसलीही पात्रता लागत नाही. "हल्ली लवकर उतरते" एवढंच वाक्य चारचौघांत टाकावं आणि गप्प बसावं. एक जण म्हणतो, पूर्ण संपू द्या, मगच लावा. दुसरा म्हणतो, वीसच्या खाली जाऊच देऊ नका. तिसरा विचारतो, रात्रभर लावून ठेवता की काय? आपण हो म्हटलं की तो नुसतीच मान हलवतो. चौथा काही बोलतच नाही. तो आपला फोन हातात घेतो, मागे उघडी राहिलेली ॲप्स एकेक करून अंगठ्याने वर भिरकावून देतो, आणि फोन परत करताना त्याच्या चेहऱ्यावर परोपकाराचं तेज असतं.

पहिल्याचं म्हणणं एके काळी खरं होतं. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या सारख्या अर्धवट उतरवून भरत राहिलं, तर त्यांची क्षमता घटल्यासारखी होई. म्हणून अधूनमधून त्या पार रिकाम्या करण्याचं पथ्य होतं. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, पुढे फोनमध्ये तीच रुळली आणि या पथ्याचं कारणच उरलं नाही. लिथियम-आयनला वारंवार तळ गाठणं उलट मानवत नाही. पथ्य मात्र चालूच आहे. बॅटऱ्या दोन-चार वर्षांत दमतात, त्यांच्याबद्दलचे सल्ले तीस-तीस वर्षं ताजेतवाने राहतात.

चौथ्याचा परोपकारही असाच. मागे दिसणारी बहुतेक ॲप्स चालू नसतात, फोननेच त्यांना गोठवून ठेवलेलं असतं. ती भिरकावली की पुढच्या वेळी पहिल्यापासून उघडावी लागतात, आणि त्यालाच जास्त ऊर्जा लागते. २०१६ साली एका ग्राहकाने ॲपलच्या प्रमुखांना ईमेल करून विचारलं होतं, की तुम्ही स्वतः ॲप्स अशी बंद करता का, आणि बॅटरीसाठी ते गरजेचं आहे का? उत्तर सॉफ्टवेअरचं काम बघणाऱ्या क्रेग फेडेरिगी यांनी दिलं. दोन्ही प्रश्नांना त्यांचं उत्तर 'नाही' असं होतं. नकाशा मागे रस्ता दाखवत राहिला असेल, किंवा एखादं ॲप कुठेतरी अडकून फोन तापवत असेल, तर ते जरूर बंद करावं. एरवी हा अंगठ्याचा व्यायाम. पण सवय सुटत नाही, कारण त्यात आपण काहीतरी केलं असं वाटतं. ज्या गोष्टींनी बॅटरी खरोखर वाचते त्या अगदीच कंटाळवाण्या आहेत. ब्राइटनेस कमी करून कुणाच्या चेहऱ्यावर तेज आलेलं मी पाहिलेलं नाही.

मुळात आपल्या खिशात ऊर्जा किती असते? हल्ली सर्रास दिसणारी ५००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी धरली, तर साधारण १९ वॅट-तास. दहा वॅटचा एलईडी दिवा त्यावर धड दोन तासही चालणार नाही. तेवढ्यात हा फोन दिवसभर रस्ते दाखवतो, फोटो काढतो, गाणी ऐकवतो, आणि न मागितलेल्या बातम्याही देतो. १९८३ साली विक्रीला आलेला मोटोरोलाचा डायनाटॅक हा मोबाइल फोन भरायला दहा तास लागत आणि बोलता येई अर्धा तास. त्याचा १९७३ सालचा पहिला नमुना तर किलोपेक्षा जड होता आणि त्याची बॅटरी वीसेक मिनिटंच टिके. तो घडवणारे मार्टिन कूपर यांनी पुढे सांगितलं, की त्याची फारशी अडचण नव्हती, कारण तेवढा वेळ तो फोन हातात धरवतच नसे. हे ऐकल्यापासून मला वाटतं, फोन हलका करणाऱ्यांनीच आपला घात केला.

यावर हमखास कुणीतरी जुन्या बटणांच्या फोनची आठवण काढतं. आठवड्यातून एकदा चार्ज केला की पुरे! खरंच आहे ते. २००३ सालच्या नोकिया ११०० ची बॅटरी अवघी ८५० मिलीअँपिअर-तासांची, म्हणजे आजच्या फोनच्या एक षष्ठांश, तरी तो दिवसचे दिवस चाले. पण सापाचा खेळ सोडला तर त्याच्या पडद्यावर बघण्यासारखं होतं काय? मेसेज आला की दिवा लागायचा, वाचून झाला की विझायचा, आणि फोन पुन्हा खिशात. आज त्याच खिशात सिनेमागृह आहे, आणि ते उघडं ठेवून वर आपण विचारतो, की वीज जाते कुठे.

स्क्रीनवरच जाते, निदान जाग्या फोनची तरी. इथे डार्क मोडवाले मान वर करतात. ओएलईडी पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, तेव्हा काळ्या पार्श्वभूमीने वीज वाचणारच, हा तर्क बिनचूक आहे. जुन्या एलसीडी पडद्याला तो लागू नाही, कारण तिथे मागचा दिवा जळतच असतो. पण किती वाचते? पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली हे मोजलं. ब्राइटनेस पूर्ण असताना डार्क मोडने ३९ ते ४७ टक्के बचत झाली. घरात बसून आपण ठेवतो तशी ३० ते ५० टक्के असताना बचत निघाली सरासरी ३ ते ९ टक्के. म्हणजे भर उन्हात डार्क मोड कामाचा, आणि उन्हात काळ्यावरचं पांढरं वाचायला जावं तर डोळे बारीक करावे लागतात. रात्री अंथरुणात पडून, दिवा मालवून, डार्क मोड लावून तासभर स्क्रोल करणाऱ्याने बॅटरीसाठी फारसं काही केलेलं नसतं. डोळ्यांना बरं वाटत असेल तर खुशाल लावावा, पुण्य मात्र मागू नये.

दुसरा मोठा खर्च डोळ्यांना दिसतच नाही. रेंज चांगली असली की फोन टॉवरशी कुजबुजतो, रेंज गेली की ओरडतो. तळघरात, लिफ्टच्या आसपास, आडवळणाच्या प्रवासात तो सतत टॉवर शोधत राहतो, सापडला की पूर्ण ताकदीने बोलतो, आणि तासाभराने आपण खिशातून काढतो तेव्हा फोन गरम आणि बॅटरी निम्मी. काहीही न करता उतरली, असं आपण म्हणतो. आपण काही केलेलं नसतं हे खरं, पण त्याने आपल्यासाठी जिवाचं रान केलेलं असतं. अशा ठिकाणी फ्लाइट मोडचं एक बटण दाबणं हा माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा उपाय आहे. विमानाशिवायही ते चालतं, हे बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

आणि हे सगळं आपण ज्याच्या भरवशावर करतो तो वरच्या कोपऱ्यातला आकडा निव्वळ अंदाज असतो. बॅटरीत किती उरलंय हे आत डोकावून बघता येत नाही. किती विद्युतभार आत गेला आणि किती बाहेर आला याचा फोन जमाखर्च ठेवतो, तो व्होल्टेजशी ताडून बघतो आणि एक आकडा सांगतो. त्यातून लिथियम-आयनचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात फारसं हलतच नाही, त्यामुळे त्रेपन्न आणि सत्तावन्न यांतला फरक आपण समजतो तितका ठाम नसतो. नव्या फोनमध्ये हा अंदाज बरा असतो. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतून होणारा अडथळा, वाढलेला असतो, कॅमेऱ्यासारखं काही जड उघडलं की व्होल्टेज कोसळतं आणि पंधरा टक्के दाखवत असलेला फोन डोळ्यांदेखत बंद पडतो. कडाक्याच्या थंडीत नव्या फोनचंही असं होतं, आणि उबेत आल्यावर तो काही झालंच नाही अशा थाटात सुरू होतो.

आता ज्या प्रश्नावर माणसं खरी भांडतात त्याकडे. आजचा दिवस निभावणं वेगळं आणि बॅटरी चार वर्षं टिकवणं वेगळं. सल्ले देणारे या दोन्हींची सरमिसळ करतात. दिवसासाठी फोन शंभर टक्के भरून निघावं. वर्षांसाठी तो पूर्ण भरूच नये, कारण काठोकाठ भरलेल्या अवस्थेत व्होल्टेज चढलेलं असतं आणि आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वाढतात. माझा एक मित्र या दुसऱ्या पंथाचा. फोनला ऐंशी टक्क्यांची मर्यादा लावलेली, आणि ती सोय नव्हती तेव्हा हा ऐंशी झाले की उठून पिन काढायचा. त्याची शिस्त मला मान्य आहे, हिशेब मान्य नाही. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १५ पासूनच्या बॅटऱ्या हजार चार्जिंग-चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्या आहेत. चक्र म्हणजे एकूण शंभर टक्क्यांचा वापर. पन्नास-पन्नास दोनदा वापरले तरी एकच. रोज एक चक्र धरलं तर पावणेतीन वर्षं झाली. म्हणजे पावणेतीन वर्षांनी ऐंशी टक्क्यांत भागवावं लागू नये, म्हणून हा मित्र पहिल्या दिवसापासून ऐंशी टक्क्यांत भागवतो!

त्याची बाजूही सांगायला हवी. ज्याचा फोन दिवसभर टेबलावर चार्जरजवळच असतो, त्याला वरचे वीस टक्के लागतच नाहीत. त्याने मर्यादा लावावी, तोटा काहीच नाही. फोन पाच-सहा वर्षं वापरणाऱ्यालाही ते शोभतं. पण सकाळी निघून रात्री परतणाऱ्याने संध्याकाळी सहा वाजता चार्जरसाठी भिंती चाचपडायच्या, त्या कुठल्या भवितव्यासाठी?

कारण बॅटरी साठवून ठेवण्याची वस्तूच नाही. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत निघतात. या येण्याजाण्यात थोडे थोडे आयन ग्राफाइटवर जमत जाणाऱ्या एका पातळ थरात कायमचे अडकतात. तेवढी क्षमता गेली. हे वापराने होतं, आणि कपाटात ठेवून दिल्यानेही होतं, फक्त सावकाश. ज्या तिघांना २०१९ साली या बॅटरीबद्दल रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांतले जॉन गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते, तरीही तिच्यापेक्षा चांगली बॅटरी शोधत होते. आपण मात्र पिन कधी काढायची यावर वाद घालतोय.

एका शत्रूबाबत मात्र सगळे पंथ एक व्हायला हरकत नाही. उष्णता. उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा लावून, वर चार्जरही जोडून ठेवलेला फोन जितका झिजतो तितका तो रात्रभर चार्जरला लावून झिजत नाही. फोन वापरण्याच्या जागेचं तापमान पस्तीस अंशांच्या आत असावं, त्यापुढे क्षमतेचं कायमचं नुकसान होऊ शकतं, असं ॲपलही सांगते. जाड कव्हर घालून वायरलेस पॅडवर ठेवणं, चार्जिंग चालू असताना गेम खेळणं, ही सगळी त्याच उष्णतेची कामं. रात्रीच्या चार्जिंगची काळजी आता फोन स्वतः घेतो. बरेच फोन ऐंशीपाशी थांबून राहतात आणि आपण उठायच्या सुमारास उरलेलं भरतात. मान हलवणाऱ्या तिसऱ्या गृहस्थांना हे कळवायला हवं.

शेवटी बॅटरी बदलता येते, हे आपण विसरतो ते कशामुळे कोण जाणे. कदाचित मागचं झाकण नखाने उघडायचे दिवस गेल्यामुळे असेल. दमलेल्या बॅटरीवर फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून आपण त्यांचा वेग कमी करतो, हे ॲपलने २०१७ च्या डिसेंबरमध्ये मान्य केलं, माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर उतरवला. त्या काळात कित्येकांना शोध लागला, की म्हातारा झालेला आपला फोन नव्हे, त्याची बॅटरी आहे. युरोपियन युनियनने तर नियमच केला. जून २०२५ पासून तिथल्या बाजारात येणाऱ्या नव्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० चक्रांनंतर निदान ८० टक्के क्षमतेची असायला हवी.

मी हे सगळं माझ्या ऐंशीवाल्या मित्राला सांगून पाहिलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि बॅगेतून पॉवर बँक काढून फोनला जोडली. तीही लिथियमचीच, तिलाही हेच सगळे नियम लागू. ती मात्र तो रोज रात्री शंभर टक्के भरून ठेवतो.