तिसऱ्या रविवारचा माळा

१८ डिसेंबर २०२२. अर्जेंटिना-फ्रान्स फायनलच्या रात्री आमच्या कोल्हापुरातल्या परमिट रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. महिनाभर पेठापेठांत मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे कटआउट उभे होते, आता अख्खं गाव टीव्हीपुढं. मी काउंटरला.

वरचा माळा मात्र दर तिसऱ्या रविवारी ठरलेला. सात-आठ जण येतात. बहुतेक गे मुलं आणि एक ट्रान्स ताई, कुणी इचलकरंजीहून, कुणी कागलहून. आमचा काही गे बार नव्हे. २०१८ ला सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधनं त्यांना मोकळं केलं होतं, तरी पहिल्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "इथनं कुणी हाकलणार नाही ना?" मालक म्हणाले, "लोक अस्पृश्य मानायचे त्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात शाहू महाराज चहा प्यायचे, त्या गावात धंदा करतोय आम्ही. बसा की."

अर्जेंटिनाचे दोन गोल झाले आणि हाफटाइमला खालचा टीव्ही गेला. अर्जेंटिनाचे टी-शर्ट घातलेली शिवाजी पेठेतली पंधरा पोरं जिन्याकडं वळली. माझ्या पोटात गोळाच आला. त्यांच्याआधी मी वर पळालो.

"येऊ देत," ताई म्हणाली. "पण आम्ही उठणार नाही."

पोरं आली, नेलपॉलिश लावलेले हात बघून जरा थबकली, मग टेकली. मॅचपुढं दुसरीकडं लक्ष द्यायला कुणाला वेळ होता! फ्रान्सच्या एमबाप्पेनं दीड मिनिटात दोन मारले तेव्हा सगळ्यांनी एकदमच कपाळाला हात लावला.

एक्स्ट्रा टाइमच्या आधी त्यातला एक जण कोपऱ्यातल्या मुलाकडं बघत राहिला. "आरं, तू आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा गोली न्हवं? का सोडलंस?"

"गोलकिक मारायला गेलो की मागनं तुम्ही 'बायल्या' म्हणून ओरडायचा. तुमचीच गॅलरी होती."

तो गप्प झाला. मीही. शाहू स्टेडियमवर हा शब्द मी कितीदा ओरडलोय, मोजलेलं नाही. ज्याला लागतो तो माणूस त्या दिवशी तीन फुटांवर बसला होता. मला फार लाज वाटली, अजून वाटते.

ताईनं पोरांना सांगितलं, की याच वर्ल्ड कपात युरोपातल्या सात संघांचे कॅप्टन 'वन लव्ह'ची, म्हणजे कुणाशी भेदभाव नको म्हणणारी रंगीत पट्टी दंडाला बांधणार होते, पण फिफाकडनं पिवळ्या कार्डाची धमकी आली आणि पट्ट्या बॅगेतच राहिल्या. "पट्टीला कार्ड?" एकानं विचारलं. त्याला खरंच पटत नव्हतं.

पेनल्टी सुरू झाल्या. गोली खुर्चीच्या कडेवर आला, गुडघे वाकलेले, तळवे उघडे. "पाय बघू नका, कंबर बघा." फ्रान्सच्या कोमानचा शॉट अर्जेंटिनाच्या मार्टिनेझनं अडवला आणि पंधराच्या पंधरा पोरं आमच्या गोलीच्या अंगावर पडली.

माँटिएलनं शेवटची मारली, अर्जेंटिना जिंकली, तशी सगळी रस्त्यावर धावली. तो मघाचा एकटाच परत वर आला. "पुढच्या सीझनला येतोस?"

गोलीनं मुठीतले शेंगदाणे संपवले. "आधी गॅलरी ऐकून येतो," म्हणाला.