तुम्ही विचारलंत म्हणून: घरात झुरळं का पाळता?

न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्याकडे जेवायला आलेलं कुणी ना कुणी विचारतंच, "सरड्याला दुकानातून आणून घाला ना काहीतरी! घरात झुरळं कशाला पाळायची?" आजवर मी विषय बदलत आले. आता एकदाच नीट सांगते.

वाढत्या वयातल्या बिअर्डेड ड्रॅगनला, म्हणजे आमच्या गुंड्याच्या जातीच्या सरड्याला, दिवसातून दोन-तीनदा किडे लागतात, तेही जिवंत. पाला समोर ठेवला तर तो त्यावरून चालत जातो. रातकिडे सुटे घेतले तर महाग. घाऊक खोकं मागवलं तर एकेक किडा स्वस्त पडतो, पण त्यातले कितीतरी आठवड्याभरात मरतात, मेलेल्यांचा घरभर वास सुटतो आणि उरलेले रात्रभर किरकिरतात. सरड्याच्या पेटीत राहून गेले तर तो झोपल्यावर त्यालाच चावतात. जानेवारीत पार्सल दारात पडून राहिलं तर सगळाच माल गारठून जातो. मेलेले वजा करून उरलेल्यांची किंमत काढा, मग स्वस्त काय ते बोलू.

मीलवर्म नावाच्या अळ्या त्याहून स्वस्त, मान्य. पण त्यांचं कवच कठीण, चरबी जास्त, आणि फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट. वाढत्या हाडांना नेमकं उलट हवं: फॉस्फरसच्या दीड-दोन पट कॅल्शियम. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या सोडल्या तर बहुतेक किड्यांना कॅल्शियमची पूड लावूनच द्यावं लागतं, आणि वर यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा नसेल तर ती पूडही अंगी लागत नाही. रेशीमकिडे उत्तम, पण न्यू जर्सीच्या हिवाळ्यात तुतीचा पाला आणायचा कुठून?

म्हणून डुबिया. हे दक्षिण अमेरिकेकडचं झुरळ. गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्याला चढता येत नाही, ते किरकिरत नाही, आणि रातकिड्यांसारखा वास तर अजिबात नाही. मादी एका वेळी वीस-तीस पिल्लं देते, पण त्यासाठी तिला तीस अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. आमच्या घरातल्या गारव्यात सुटलेलं डुबिया वंश वाढवू शकत नाही, हे मी पाहुण्यांना किती वेळा सांगितलंय! डब्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे करायचे, खाली हीटिंग पॅड, खायला गाजर आणि भोपळ्याच्या साली. सुरुवातीचे चार-पाच महिने त्यांना हात लावायचा नाही. एकदा बस्तान बसलं की विकत आणणं संपतं. सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून लहान असतील तेवढी पिल्लं वेचून घालायची.

इथपर्यंतचं उत्तर मी कुणालाही देते. पुढे अडखळते.

आबा उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. माळकरी माणूस, अंड्यालाही शिवलेला नाही. संध्याकाळी मागच्या अंगणात काजवे चमकायला लागले की नातवापेक्षा आबांनाच जास्त हौस. एकदा दोघांनी मिळून बरणी भरली आणि पोरगं धावत आत आलं, "गुंड्याला फुकटचा खाऊ!" मी स्वयंपाकघरातून पाहिलं तर पेटीचं झाकण उघडं, आणि काजवा चिमटीत. मी किंचाळले. इथल्या काजव्यांच्या अंगात लुसिब्युफॅजिन नावाचं विष असतं. एक काजवा बिअर्डेड ड्रॅगनचा जीव घ्यायला पुरतो. मी बरणी हिसकावली, मुलगा रडायला लागला, आबा दारातच थबकले.

मुलगा झोपल्यावर ते म्हणाले, "हा एक मरेल म्हणून तुझा जीव एवढा कळवळला. त्या डब्यातले रोज मरतात. त्यांच्यासाठी कुणी ओरडतं का गं?"

मी भांडले. म्हटलं, आबा, पिल्लू पाल्यावर वाढत नाही, त्याची हाडं वाकतील. वाघाला विचारता का तुम्ही असं?

"वाघ तू पाळलेला नाहीस," ते म्हणाले.

त्यांच्याशी मी त्या रात्री बराच वेळ वाद घातला, आणि नंतर एकटीने कितीतरी दिवस. दुकानातून किडे आणले असते तरी तेवढेच जीव गेले असते. ते दुसऱ्या कुणीतरी, माझ्या नजरेआड वाढवले असते, एवढाच फरक. माझ्याकडे ते उबेत राहतात, ताजं खातात, आणि मरतात तेव्हा क्षणात मरतात. हे मी आजही ठामपणे म्हणते. पण डबा ठेवला तो काही त्यांच्या भल्यासाठी नाही, पैसे वाचतात म्हणून, हेही तितकंच खरं. पूर्वी मी बेधडक म्हणायचे, किड्यांना काय कळतं! आता ट्रे उचलला आणि खाली नुकती जन्मलेली पांढरी पिल्लं दिसली की ते वाक्य तोंडातून निघत नाही. म्हणून गुंड्याला उपाशी ठेवू? तेही जमणार नाही.

तो आता मोठा झालाय, मुख्यतः पालाच खातो. डबा मात्र वाढतोच आहे. मुलाच्या वर्गातल्या एका मुलीच्या गेकोसाठी, म्हणजे पाळीव पालीसाठी, थोडी पिल्लं देते, तरी उरतात. बाहेर सोडायची नाहीत, हे नक्की. नर वेगळे काढले तर हळूहळू वाढ थांबेल, पण मग पुन्हा खोकी मागवणं आलं. जास्तीची गारठवून मारायची, तर मग आबांना काय सांगू? ते फोनवर गुंड्याची चौकशी करतात, डब्याची करत नाहीत. मीही काढत नाही.