तुम्ही विचारलंत म्हणून: यावर भागतं का?

प्रदर्शन असो, कॉलेजातलं व्याख्यान असो की एस.टी.त शेजारी बसलेलं कुणी असो, मी यंत्रमाग कामगारांचे फोटो काढतो म्हटलं की प्रश्न ठरलेला: "यावर भागतं का हो?" विचारताना आवाज जरा खाली येतो, आजारपणाची चौकशी करावी तसा.

नाही भागत. तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू होतात आणि मी अक्षता, सप्तपदी, रुसलेले मामा असं सगळं टिपत फिरतो. घरभाडं आणि मुलीची फी त्या अल्बमांतून निघते. उरलेल्या दिवसांत इचलकरंजीतल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये माणसांचे फोटो काढतो, त्यांचं बोलणं लिहून घेतो. बारा वर्षांनी त्याचं पुस्तक झालं. पाचशे प्रती, छपाईचे निम्मे पैसे माझे. दोनशे प्रती अजून पलंगाखाली आहेत. केर काढताना बायको त्यांच्याकडे बघते, मी खिडकीबाहेर.

याची लाज मला बरीच वर्षं वाटत होती. मग मिल्टन रोगोविन भेटला, म्हणजे त्याचे फोटो भेटले. हा अमेरिकेतल्या बफेलो शहरातला चष्मेवाला. डोळे तपासायचे, नंबर काढून द्यायचा, हा धंदा. १९५७ साली अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीनं त्याला बोलावलं, स्थानिक वर्तमानपत्रानं त्याला गावातला पहिल्या नंबरचा लाल, म्हणजे कम्युनिस्ट, ठरवलं आणि गिऱ्हाईक तुटलं. बोलायची सोय राहिली नाही, तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या या माणसानं कॅमेरा मनापासून हातात धरला. घर चालायला बायकोची, अ‍ॅनची, शिक्षिकेची नोकरी होती. (अशा कहाण्यांमध्ये पगारी बायकोचा उल्लेख लोक घाईत उरकतात. मी उरकणार नाही, कारण आमच्याकडेही लग्नसराई सोडली तर तिचाच पगार असतो.)

१९७२मध्ये त्यानं आपल्या दुकानापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरची गरीब वस्ती धरली, लोअर वेस्ट साइड. कॅमेरा रोलायफ्लेक्स, वरून डोकावून बघायचा. समोरच्यावर रोखायचा नाही, त्याच्यापुढं मान खाली घालायची. कुठं उभं राहायचं, कसं बसायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. नंतर प्रिंट नेऊन द्यायची. पुढं ऐंशीच्या दशकात, नव्वदच्या दशकात आणि शेवटी नव्वदी ओलांडल्यावर तो त्याच दारांशी परत गेला. एकाच घरातल्या माणसांचे तीस वर्षांतले चार फोटो शेजारी शेजारी ठेवले की कुणी मधूनच नाहीसं झालेलं दिसतं, कडेवरचं पोर बाप झालेलं दिसतं. २०११ साली, १०१ वर्षांचा होऊन तो गेला.

त्याचं बघून मी दोन गोष्टी उचलल्या: प्रिंट द्यायची आणि परत जायचं.

शेडमध्ये बोलणं अशक्य असतं. मागांच्या खडखडाटात सगळा कारभार हातवाऱ्यांवर आणि ओठ वाचण्यावर चालतो. लेन्सवर दहा मिनिटांत कापसाचा भुगा बसतो. पहिल्या महिन्यात तर मालकाला मी लेबर ऑफिसचा माणूस वाटलो आणि कामगारांना मालकाचा. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत जायला लागलो. भाकरी सुटते तेव्हा माणूस बोलतो.

तिथल्या एका कांडीवाल्या, म्हणजे मागासाठी कांड्यांवर सूत भरणाऱ्या, मावशीचा फोटो मी मशीनशेजारी काढला होता. माझा आवडता, पुस्तकात पूर्ण पान आहे. नऊ वर्षांनी प्रिंट मोठी करून, फ्रेम करून तिच्या घरी नेली. शेड तोवर बंद पडली होती, माग भंगारात गेले होते. तिनं फ्रेम उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "केसात कापूस दिसतोय की रं. ह्यो नको. दुसरा काढ." आत गेली, केस विंचरून, काठापदराची साडी नेसून आली आणि तुळशीपाशी उभी राहिली. मला ती मशीनजवळच हवी होती, पण मशीनच नव्हतं, आणि ठरवणार ती होती. काढला.

पंधरवड्यानं ती प्रिंट घेऊन गेलो. तिनं कनवटीचं पाकीट काढलं. नको म्हटलं. कितीही आग्रह केला तरी नको म्हटलं. पाकीट परत खोचत तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "मग तुझं भागतंय कसं रं?"