साडेआठशे किलोमीटर, एक घाट आणि टेम्परेचरचा काटा

मागच्या महिन्यात बाबा आणि मी गाडीने जाऊन-येऊन साडेआठशे किलोमीटर केले. दोन दिवस, वाटेत एक मोठा घाट, आठ वर्षांची पेट्रोल गाडी. प्रवास छान झाला, पण घाटात दीड तास गाडी बंद करून थांबावं लागलं, आणि ते टाळता आलं असतं. रोज घर ते ऑफिस एवढंच चालवणारे आणि आता पहिल्यांदा लांब निघणारे बरेच जण असतील, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

रोजच्या दहा-बारा किलोमीटरच्या फेरीत गाडीची दुखणी झाकलेली राहतात. इंजिन पुरतं तापायच्या आत आपण पोचलेलो असतो. भरलेली गाडी अर्धा तास दुसऱ्या गिअरमध्ये चढवायला लागली की तीच दुखणी वर येतात.

आदल्या संध्याकाळी ऑफिसमधून येताना मी पंपावर हवा भरून आणली होती. बाबा म्हणाले, "तापलेल्या टायरात मोजलेली हवा धरू नकोस. सकाळी गाडी हलवायच्या आधी परत बघ." त्यांचा छोटा गेज लावून बघितलं. पंपावर ३३ पीएसआय करून आणलेले टायर सकाळी २९ ते ३० दाखवत होते. चालून टायर तापला की आतली हवा प्रसरण पावते आणि आकडा तीन-चारने सहज चढतो, म्हणून भरायचा आकडा नेहमी थंड टायरचा असतो. तो ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवरच्या स्टिकरवर मिळतो, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. माणसं आणि सामान भरून जायचं असेल तर त्याच स्टिकरवर वेगळा, जास्तीचा आकडा असतो. आम्ही तो धरला. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरू नका. हवा कमी असताना वेगात टायरची बाजू सतत दबते-सुटते, त्यातून उष्णता साठते आणि टायर फुटतात ते बहुतेक असे.

टायरवर एक चार आकडी खूण असते, तीही बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसली तरी रबर वयाने कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की खाचांमधले छोटे उंचवटे नक्षीच्या पातळीला येतात. तो टायर संपला. ओल्या रस्त्यावर मी तर तोवर थांबणार नाही.

स्टेपनीत फक्त १२ पीएसआय हवा होती. दोन वर्षांत तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. तुमची स्टेपनी बारीक, तात्पुरती असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा, साधारण ताशी ८० किलोमीटर असते.

आता कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, जिथे माझी चूक झाली. तीन आठवड्यांपूर्वी टाकीतली पातळी खालच्या खुणेच्या बोटभर खाली होती. मी साधं पाणी घातलं आणि विसरले. निघायच्या सकाळी पातळी पुन्हा तेवढीच खाली. मी पुन्हा पाणी घातलं आणि निघाले. तिथेच थांबायला हवं होतं. कूलंट पेट्रोलसारखं जळून संपत नाही, ती बंदिस्त यंत्रणा असते. महिनाभरात दोनदा पातळी उतरली याचा अर्थ ते कुठूनतरी बाहेर जातंय.

सपाट रस्त्यावर दोनशे किलोमीटर काटा मध्यावर स्थिर. घाटातल्या पाचव्या-सहाव्या वळणानंतर तो मध्य सोडून वर सरकू लागला. एसी बंद केला, हीटर आणि पंखा पूर्ण लावले. ऐन उकाड्यात ते नकोसं होतं, पण हीटर इंजिनचीच उष्णता आत ओढतो, त्यामुळे काटा थोडा थबकला आणि रुंद जागेपर्यंत पोचता आलं. काटा लाल पट्ट्याला टेकलाच तर मात्र तेवढंही चालवू नका. तापलेल्या इंजिनवर रेटलं की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, जातं.

बॉनेट उघडलं, कूलंटच्या झाकणाला हात लावला नाही. आत दाब असतो, त्या दाबामुळेच कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं तर दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. तासभर थांबून जाड फडकं टाकून पाव वळण दिलं, हिस्स आवाज संपू दिला, मग पूर्ण उघडलं. बाबांनी टॉर्चने नळ्या बघितल्या. रेडिएटरच्या वरच्या नळीच्या तोंडाशी गुलाबी खरपुडी धरली होती. गळती अशीच दिसते. थेंब गरम धातूवर वाळून जातो, मागे फक्त रंग राहतो. क्लिप सैल होती. स्क्रू-ड्रायव्हरने दोन फेरे आवळली, जवळचं पाणी हळूहळू घातलं. इंजिन गरम असताना गार पाणी एकदम ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. पुढच्या गावात मेकॅनिकने क्लिप बदलली आणि कूलंट पुन्हा योग्य मिश्रणाने भरलं.

उतारावर बाबांनी एकच सांगितलं, "ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर." पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट सतत पेटलेले होते आणि जळका वास आमच्यापर्यंत येत होता. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरं असताना किमान २३० अंश असतो, ओलावा धरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. उतारावर ब्रेक सतत दाबून धरले आणि ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पेडल सरळ खाली जातं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात, गाडी कमी चालली असली तरी. इंजिनच्या ओढीवर गाडी उतरू द्या, ब्रेक थोडा वेळ नीट दाबा आणि पूर्ण सोडा.

इंजिन ऑइल सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघा. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पुसून पुन्हा घाला, मगच वाचा. दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. वरच्या खुणेच्या पुढे भरणंही चुकीचंच.

रात्री समोरून दिवे आले की काच धुरकट वाटते, ती बऱ्याचदा आतून मळलेली असते. निघण्यापूर्वी आतून पुसा. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला तर थांबा, पिवळा लागला तर लवकर दाखवा. पण इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर जोर देऊ नका, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

सोबत प्रेशर गेज, बारा व्होल्टचा छोटा पंप, टॉर्च, स्क्रू-ड्रायव्हर, जाड फडकं आणि पाच लिटर पाणी ठेवा. स्टेपनी लावावी लागली तर नट आधी जमिनीवर सैल करा, मग जॅक लावा, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. इंजिनात ओतायच्या बाटलीबंद औषधांवर मात्र खर्च करू नका, तेच पैसे टायरला घाला.

परतल्यावर रोज सकाळी गाडी काढण्यापूर्वी बॉनेट उघडून बघत होते. आठ दिवस झाले, कूलंट ज्या खुणेवर होतं तिथेच आहे.