वहीतलं ब्लॉगवर : आठव्या महिन्याची नोंद

आठ महिने झाले, १९ लेख ब्लॉगवर चढले. त्यातले पहिले सात मी आता पुन्हा नव्याने लिहायला घेतले आहेत. का, ते सांगण्यासाठीच ही नोंद.

मागच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. मी कणकवलीत ३४ वर्षं बातमीदारी केली. आधी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून, मग त्याच दैनिकाच्या इथल्या कार्यालयात. घरी छापून आलेल्या बातम्यांच्या कात्रणांच्या १४ फायली आणि टिपणांच्या साठेक वह्या आहेत. निवृत्त झाल्यावर नातीने ब्लॉग उघडून दिला. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की दोन तास मी त्यावर जुन्या बातम्यांचे लेख लिहीत बसतो.

आता त्या सात लेखांबद्दल. मी नवा होतो तेव्हा बातम्यांचं पाकीट दुपारच्या एसटीने फोंडा घाट चढून कोल्हापूरला जायचं. कंडक्टरच्या हातात पाकीट दिलं की बातमीवरचा माझा हात सुटला. रात्री पान लावताना ऐनवेळी जाहिरात आली तर जागा कुठून काढायची? बातमी शेवटून कापायची. उपसंपादकाला दुसरा मार्गच नसतो. त्यामुळे आमच्या हाताला वळणच तसं पडलं : काय झालं, कुठे, केव्हा, कुणाचं, सगळं पहिल्या परिच्छेदात. खालचे दोन परिच्छेद उडाले तरी बातमी उभी राहिली पाहिजे. जे गेलं तरी चालेल ते सगळ्यात शेवटी.

पहिले सात लेख मी असेच लिहिले. माहिती चोख, प्रत्येक लेख दोनशे शब्दांच्या आत. पण वाचताना मलाच ते कात्रणासारखे वाटत होते. मग आठव्या लेखासाठी कात्रणाशेजारी त्या दिवसाची वही उघडून ठेवली, आणि गोष्ट लक्षात आली.

कात्रण होतं कोकण रेल्वेचं. २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूर असा सुमारे ७४० किलोमीटरचा अख्खा मार्ग सुरू झाला. शेवटपर्यंत अडलं होतं ते पेडण्याच्या बोगद्यापाशी. तिथली माती मऊ, खणावं तेवढी पुन्हा ढासळायची. त्या एका बोगद्यापायी सावंतवाडी आणि गोवा यांच्यातला रूळ तुटका राहिला होता. माझी बातमी दोन कॉलम, बारा सेंटिमीटर. तीत बोगदा आहे, किलोमीटर आहेत, पुढाऱ्यांची भाषणं आहेत.

वहीत, त्याच दिवसाच्या पानावर, खाली कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय : "आजी, सत्तरीच्या पुढे. नांदगाव बाजूच्या. हातात नारळ. 'माझा चेडू काणकोणाक दिलला आसा. ही गाडी थंय थांबतली?'"

मला तो प्रश्न अजून कानात ऐकू येतो. काणकोण म्हणजे दक्षिण गोव्याचं टोक. लेकीकडे जायचं तर सावंतवाडी, पणजी, मडगाव करत एसटी बदलत जायचं, आणि सोबत कुणी नसेल तर जायचंच नाही. बोगदा पुरा झाला याचा अर्थ त्या बाईंना त्या दिवशी इतकाच होता. मी स्टेशनवरच्या बाबूंना विचारून त्यांना सांगितलं की काणकोणला स्टेशन आहे. त्यांनी नारळ पदराखाली धरला आणि रुळाकडे बघत उभ्या राहिल्या. हे मी बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात लिहून पाठवलं होतं. छापून आलं नाही.

आठवा लेख मी त्या आजींपासून सुरू केला. बोगदा तिसऱ्या परिच्छेदात आला. अकराशे शब्द झाले, आणि एकही काढावासा वाटला नाही. तेव्हापासून माझी रीत ठरून गेली आहे : आधी वही, मग कात्रण. कात्रणावरून तारीख, आकडे, माणसांची पदं पडताळून घ्यायची. लेख वहीवरून लिहायचा. आपल्यातल्या जुन्या वार्ताहरांना माझं कळकळीचं सांगणं आहे, कात्रणं कितीही नीट लावलेली असली तरी वह्या रद्दीत घालू नका.

टायपिंगचं बरंच सुधारलं. मी मराठी टंकलेखन शिकलो ते रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी उमटते. संगणकावरच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये उच्चाराचा क्रम चालतो : आधी क, मग वेलांटी. रफाराचंही तसंच, र आणि हलन्त आधी. तीन महिने बोटं ऐकत नव्हती. आता डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं हे अंगवळणी पडलंय, आणि वेग जवळजवळ पूर्वीइतका आला आहे.

कार्यालयातल्या संगणकावरचे शेवटच्या काही वर्षांचे लेख माझ्याकडे सीडीवर आहेत, पण ते जुन्या फॉन्टमधले. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घेताना वरवर सगळं ठीक दिसतं, आणि मग घाटावरच्या एका लेखात "दऱ्या"च्या जागी "दर्या" सापडतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी समुद्र आला! अर्धचंद्रासारखा तो ऱ वेगळा आहे. इन्स्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट धरून र च्या किल्लीवर मिळतो. बदललेला प्रत्येक मजकूर मी "र्य" आणि "र्ह" शोधून एकदा डोळ्याखालून घालतो. सुऱ्या आणि सुर्या, वाऱ्या आणि वार्या, यंत्राला यातलं काही कळत नाही.

कात्रणांचे फोटो मोबाइलवरच काढतो, खिडकीशी, ऊन थेट पडणार नाही असे. कात्रणाखाली काळा कागद ठेवला की मागच्या बाजूची छपाई पुढे डोकावत नाही. लॅमिनेशन मात्र करू नका. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, तो आतून पिवळा पडत राहतो, आणि एकदा प्लास्टिकमध्ये गेला की परत काढता येत नाही.

पेपरात छापलेल्या आपल्याच बातम्यांवर हक्क कुणाचा, असं दोघातिघांनी विचारलं होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये नोकरीतल्या पत्रकाराच्या लेखनासाठी वेगळी तरतूद आहे : वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता पहिला हक्क मालकाचा, बाकी बाबतीत लेखकाचा. करारात काही वेगळं लिहिलं असेल तर ते आधी बघायचं. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की छापील पान जसंच्या तसं ब्लॉगवर टाकायचं नाही. नव्याने लिहायचं.

माझी झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीने. बाराव्या लेखासाठी १९९० च्या दशकातली एक चोरीची बातमी घेतली होती. संशयिताचं नाव, गाव, वय सगळं कात्रणात. तो मुलगा पुढे सुटला, त्याची बातमी मी केली होती का, हे मला आठवेना. दोन दिवस फायली उपसल्या. नव्हती केली. पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचा, त्यातून भजी बांधली जायची, गाव विसरून जायचं. ब्लॉगवरचं नाव विसरलं जात नाही. त्याच्या मुलीने उद्या वडिलांचं नाव शोधलं तर पहिली ती चोरी दिसेल. लेख मी काढून टाकला. गुन्ह्याच्या बातमीतल्या साध्या माणसाचं नाव आता मी लिहीत नाही, आणि खटल्याचा निकाल हाती नसेल तर ती घटनाच घेत नाही. यावर आपल्यात मतभेद होतील, पण माझं यात पक्कं ठरलं आहे.

पुढचं काम आंगणेवाडीच्या जत्रेचं. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगावर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, त्यामुळे दरवर्षी "जत्रेची तारीख जाहीर" ही बातमी मी द्यायचो आणि मुंबईचे चाकरमानी तिची वाट बघत असायचे. कात्रणं एकमेकांच्या नकलेसारखी आहेत. वह्या मात्र दर वर्षीच्या वेगळ्या.

त्या आजींचं नाव माझ्या वहीत नाही. परिच्छेद कापला जाणार हे धरूनच मी ते विचारलं नव्हतं, याची आज हळहळ वाटते. लेखाची मोठ्या अक्षरात छापलेली प्रत काढून ठेवली आहे. पाऊस ओसरला की नांदगावला जाऊन घरोघर विचारणार आहे, काणकोणला मुलगी दिलेलं घर कुठलं म्हणून.