धूळ उडाली, गुण नाही

दिल्लीत तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर ट्रॅपचा, म्हणजे हवेत सुटणाऱ्या ठिसूळ चकत्या (टार्गेटं) छर्ऱ्याच्या बंदुकीनं फोडण्याचा, सराव चालला होता. सांगलीकडची एक मुलगी 25 पैकी 19 वर अडकली. गेलेल्या सहांपैकी चार टार्गेटांची धूळ उडालेली मी मागून स्पष्ट पाहिली होती. पण धुळीला गुण नसतो. डोळ्यांना दिसेल असा एक तरी तुकडा उडायला हवा. खाली पडलेलं टार्गेट उचलून भोक दाखवण्याचीही सोय नाही, आणि हा नियम मला पटतो; नाहीतर प्रत्येक बारानंतर वाद झाला असता.

"सर, लीड चुकतोय का?" तिनं विचारलं.

लीड म्हणजे उडत्या टार्गेटच्या किती पुढे नेम धरायचा ते. तो चुकला असता तर धूळही उडाली नसती. छर्रे पोचत होते, पण विरळ. शिवाय चारही वेळा धूळ उडाली ती दुसऱ्या बाराला. वर-खाली नळ्यांच्या ट्रॅप बंदुकीत पहिला बार खालच्या नळीचा, दुसरा वरच्या. दुसऱ्या बारापर्यंत टार्गेट चाळीसेक मीटरवर गेलेलं असतं आणि मागून त्याची जवळजवळ कडाच दिसते: रुंदी 110 मिलिमीटर, जाडी जेमतेम 25. म्हणून वरच्या नळीत फुल चोक हवा. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवायचा अरुंद तुकडा; फुल चोक छर्रे जास्त एकत्र ठेवतो.

बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली आणि तोंडाकडून चोक पाहिले. बहुतेक कंपन्या चोकच्या कडेला खाचा पाडतात: एक खाच म्हणजे फुल, चार म्हणजे इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, छर्रे जास्त पसरवणारा मोकळा चोक. वरच्या नळीत चार खाचा होत्या! आदल्या रात्री साफसफाई करताना डबीतला भलताच चोक बसला होता.

मग छर्ऱ्यांचा पसारा दाखवणाऱ्या पॅटर्नच्या कागदावर 40 यार्डांवरून दोन्ही चोकांनी बार काढले. साडेसात नंबरच्या 24 ग्रॅम काडतुसात सुमारे 300 छर्रे असतात. 30 इंची वर्तुळात फुल चोकचे साधारण 70 टक्के येतात, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचे 50. म्हणजे 210 आणि 150. आकडे ऐकून तिचं समाधान होईना, म्हणून टार्गेट आडवं धरून त्याची कडा कागदावर टेकवली. फुलच्या कागदावर मध्यभागी कुठेही धरलं तरी बहुधा दोन-तीन भोकं झाकली जात. दुसऱ्यावर एखादं, कधी एकही नाही. एकच छर्रा लागला की टार्गेटला बरेचदा भोक पडतं, ते फुटत नाही.

चोक बदलताना आटे पुसायचे, ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, चावीनं बेताचं आवळायचं. सैल राहिला तर नळीचं तोंड फुगतं, म्हणून प्रत्येक राउंडनंतर रिकाम्या बंदुकीवर चावी लावून पाहायचीच.

दुपारच्या राउंडला 23 आले. गेलेली दोन्ही टार्गेटं उजवीकडे तिरकी सुटणारी होती. बार काढताना तिची नळी थांबत होती. तिथे खरंच लीडचा प्रश्न होता आणि त्यासाठी दुसऱ्या दिवशीचा सकाळचा वेळ आम्ही राखून ठेवला.